गंजलेले जुने हत्यार वॉरंटीत बदलून घेताना: सफाईच्या आधी करायची कामे

ओल लागलेल्या पेटीतून जुनी हत्यारे बाहेर निघाली की बहुतेकांचे हात एकाच क्रमाने चालतात. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग चकचकीत पान्याचा फोटो आणि शेवटी कंपनीला मेल: ‘हत्यार गंजले आहे, तुमची आजीवन वॉरंटी आहे, बदलून द्या.’ उत्तर नकाराचे येते आणि वॉरंटी नुसती जाहिरातीपुरती असते असा समज पक्का होतो.

चूक त्या क्रमात आणि त्या वाक्यात आहे. हातहत्यारांची वॉरंटी जवळपास सगळीकडे धातूतल्या किंवा घडणीतल्या दोषासाठी असते. गंज हा वापरणाऱ्याच्या निगेचा प्रश्न मानला जातो, त्यामुळे ‘गंजले’ या कारणावर मागितलेला बदल क्वचितच मिळतो. पण गंजलेल्या हत्यारातही खरा दोष असू शकतो: डोक्याला गेलेला तडा, तुटलेला दात, नीट न बसलेला मुलामा. तो दोष गंजापासून वेगळा काढून दाखवता आला तर हत्यार कितीही जुने असले तरी दावा उभा राहतो. तो वेगळा कसा काढायचा आणि घासण्याच्या नादात पुरावा कसा जपायचा, ते क्रमाने पाहू.

१. पहिला तास: काहीही घासायचे नाही

हातमोजे घाला. हत्यारे जुन्या वर्तमानपत्रावर किंवा पांढऱ्या कापडावर पसरून सुकू द्या. सुटी माती मऊ, कोरड्या ब्रशने झटका, त्यापुढे काही नाही. तेल नको, रॉकेल नको, पाणी तर नकोच.

आता फोटो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून प्रत्येक हत्याराचे निदान सहा फोटो घ्या: पूर्ण हत्यार दोन्ही बाजूंनी, नाव-नंबराचा ठसा, बिघडलेली जागा, सांधा किंवा फिरणारा भाग, आणि दांड्याचे शेवटचे टोक. या शेवटच्या फोटोचे कारण पुढे येईल.

हत्यार तुटले असेल तर तुटलेला चेहरा, म्हणजे जिथून धातू दुभंगला तो पृष्ठभाग, हाच सर्वांत मोलाचा पुरावा. तो जवळून पाहा. पूर्ण चेहरा एकसारखा करडा, दाणेदार आणि ताजा दिसत असेल तर हत्यार एका झटक्यात तुटले आहे. एका कडेला काळसर किंवा तपकिरी डाग आणि उरलेला भाग उजळ असेल, तर चीर आधीपासून होती आणि शेवटी उरलेला धातू तुटला. कधी कधी एका बिंदूपासून पसरत गेलेल्या, शिंपल्यावर असतात तशा बारीक लाटा दिसतात. ती चीर रोजच्या वापरात हळूहळू वाढत गेल्याची खूण असते. कडेची काळी पट्टी कारखान्यात पोलादाला पाणी देतानाच (ते कठीण करण्यासाठी तापवून झटकन थंड करताना) पडलेल्या चिरेचीही असू शकते. हा निवाडा तपासणाऱ्या तंत्रज्ञाने करायचा आहे, आपण तो चेहरा जसा आहे तसा त्याच्यापर्यंत पोहोचवायचा.

मी स्वतः हे चुकवले आहे. डोक्याशी तुटलेला एक रिंग पाना मी आधी तारेच्या चाकावर धरला. दहा मिनिटांत दोन्ही तुकडे चांदीसारखे चमकले. कंपनीने तुटलेल्या चेहऱ्याचा फोटो मागितला तेव्हा माझ्याकडे फक्त गुळगुळीत झालेला धातू होता आणि ठशातले शेवटचे दोन अंक पुसले गेले होते. दावा फेटाळला गेला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही वेगळे काही ठरवू शकलो नसतो.

*सावधान:* तुटलेले दोन तुकडे ‘बसतात का’ म्हणून एकमेकांना लावून पाहू नका. चेहऱ्यावरची दाणेदार रचना घासून जाते. दोन्ही तुकडे कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळा आणि त्यांना ब्रश, बोट, तेल यातले काहीही लागू देऊ नका.

२. ठसा वाचा

नाव आणि नंबर वाचता आला नाही तर दावा सुरूच होत नाही. गंजाखालचा ठसा वाचायला घासण्याची गरज सहसा पडत नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून उजेड कडेने टाका. अक्षरांच्या खळग्यात सावली पडते आणि समोरून न दिसणारा ठसा उठून दिसतो. तेवढ्याने भागले नाही तर खडू आडवा फिरवून वरचेवर पुसा, खळग्यात पांढरे उरते. तिसरा उपाय म्हणजे पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल तिरकी घासणे. मोबाइलच्या फोटोत प्रकाश-छाया वाढवूनही कधी कधी एखादा अंक सापडतो.

काय शोधायचे? ब्रँडचे नाव, माप, भाग क्रमांक, बनवलेल्या देशाचे नाव आणि उत्पादनाच्या तारखेची खूण. ही खूण म्हणजे दर वेळी सरळ छापलेले साल नसते. स्नॅप-ऑनच्या हत्यारांवर उत्पादनाच्या वर्षासाठी चिन्ह किंवा अंक असतो. पेटंट क्रमांक दिसला तर हत्यार ते पेटंट मिळाल्यानंतरचे आहे एवढे नक्की.

मग हे नाव आज कोणाचे आहे ते पाहा. ब्रँड विकले जातात. क्राफ्ट्समन हे हत्यारांचे नाव वर्षानुवर्षे सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीचे होते, २०१७ मध्ये ते स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतले. जुन्या नावाने जुन्या पत्त्यावर पाठवलेले पत्र कुठेच पोहोचत नाही. मालकी बदलली असेल तर नवा मालक जुनी वॉरंटी पाळतो का आणि कोणत्या मालासाठी पाळतो, हा पहिला प्रश्न लेखी विचारा.

*तपासणी:* ब्रँड, माप आणि भाग क्रमांक या तिन्हीपैकी दोन गोष्टी खात्रीने वाचता आल्या का? नसतील तर कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी आकार जुळवून पाहा. अंदाजाने नंबर लिहू नका. चुकीच्या नंबरामुळे दावा चुकीच्या खात्यात जातो आणि परत येतो.

३. वॉरंटीच्या अटी शब्दन् शब्द वाचा

‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचे आयुष्य? काही कंपन्या पहिल्या खरेदीदाराचे धरतात, काही हत्याराचे अपेक्षित आयुष्य धरतात, काही ते उत्पादन बाजारात आहे तोवरच. पहिल्या खरेदीदाराची अट असेल तर वडिलांच्या पेटीतल्या किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या हत्यारावर हक्क राहत नाही. तरी विचारायला हरकत नाही. काही जण सौजन्याने बदलून देतात, पण ते सौजन्य असते आणि भाषा तशीच ठेवावी.

अटींत तीन जागा शोधा: काय धरले आहे, काय वगळले आहे, आणि बदली कोणत्या स्वरूपात मिळेल. वगळलेल्या यादीत बहुधा नेहमीची झीज, गैरवापर, हत्यारात केलेले बदल आणि निगा न राखल्याने आलेला गंज असतो.

आजीवन वॉरंटी पेटीतल्या सगळ्या हत्यारांना लागू नसते. ड्रिल बिट, करवतीची पाती, कानस, पेचकसाचे बिट ही झिजणारी वस्तू मानली जातात. मोजपट्टी आणि विजेवरची यंत्रे यांना ठरावीक मुदत असते. टॉर्क रेंचचे, म्हणजे बोल्ट मोजून ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याचे, गणित तर वेगळेच: आयएसओ ६७८९ या मानकात वेगळा नियम ठरवलेला नसेल तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, जे आधी होईल तेव्हा पुन्हा कॅलिब्रेशन (माप बरोबर आहे का ते तपासून जुळवणे) करावे असे आहे. वर्षानुवर्षे ओलीत पडलेल्या टॉर्क रेंचचे माप चुकते म्हणून दावा करायला गेलात तर पहिला प्रश्न कॅलिब्रेशनच्या दाखल्याचा येईल.

४. गंज कुठे संपतो आणि दोष कुठे सुरू होतो

सगळा दावा या टप्प्यावर तोलला जातो. घाई करू नका. प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न विचारा: हे हत्यार एकदाही गंजले नसते, तरी असेच बिघडले असते का?

क्रोमचा मुलामा. चकचकीत पान्यावर वरचा क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतका पातळ असतो. खरे संरक्षण त्याखालचा कितीतरी जाड निकेलचा थर देतो. वरच्या क्रोममध्ये सूक्ष्म भेगा असतातच. निकेललाही छिद्र पडले की ओल पोलादापर्यंत जाते आणि मुलाम्याखाली गंज धरतो. मग वरून टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात, पुढे त्यांचे फोड होतात. सगळीकडे विखुरलेले असे ठिपके हे ओलीचे काम, त्यावर दावा टिकत नाही. पण मुलामा पापुद्र्यासारखा सोलून निघत असेल आणि त्याखालचा धातू स्वच्छ, कोरडा, गंजाविना असेल, तर मुलामा मुळातच नीट धरलेला नव्हता. हा घडणीतला दोष. फरक एका नजरेत कळतो: पापुद्र्याच्या पोटाशी तपकिरी भुकटी आहे की नाही ते पाहा. सोलणाऱ्या क्रोमच्या कडा काचेसारख्या कापतात, उघड्या बोटाने ओढू नका.

पाना. तोंड फाकले असेल, दांडा वाकला असेल, तर तपासणारा प्रथम दांड्याचे टोक पाहतो. पाईप घालून जोर लावला असेल तर टोकाशी आडव्या, अंगठीसारख्या ओरखड्यांचा पट्टा असतो. हातोडीने ठोकले असेल तर चपट्या खुणा असतात. पहिल्या टप्प्यात टोकाचा फोटो घ्यायला सांगितला तो यासाठी. खुणा असतील तर आधी स्वतःशी कबूल करा. टोक स्वच्छ असेल आणि दांडा जराही न वाकता डोके तडकले असेल, तर दाव्याला वजन आहे.

रॅचेट. रॅचेट म्हणजे एका दिशेने बोल्ट धरणारा आणि उलट दिशेने टकटक करत मोकळा फिरणारा दांडा. गंजलेले रॅचेट ‘सुटते’ म्हणून सरसकट परत केले जाते, आणि त्यातली बरीच बिघडलेली नसतात. आतले जुने ग्रीस घट्ट चिकट होते, आतल्या चक्राच्या दातांत अडकणारी खिट्टी मागे अडकते आणि दात धरत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. रॅचेट कानाशी धरा आणि एक पूर्ण फेरा हळूहळू फिरवत टकटक मोजा. ७२ दातांच्या रॅचेटमध्ये दर ५ अंशांना एक टक यायला हवी. टक हुकत असेल तर कुठे हुकते ते लक्षात ठेवा आणि दुसरा, तिसरा फेरा फिरवा. प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी हुकत असेल तर चक्राचा दात गेला आहे. कधी इथे, कधी तिथे हुकत असेल तर खिट्टी किंवा तिची स्प्रिंग चिकटली आहे, आणि ते स्वच्छ करून तेल घातल्यावर सुटते. पहिली अवस्था दाव्याची, दुसरी साफसफाईची.

पक्कड. जाम झालेली पक्कड म्हणजे बिघडलेली पक्कड नव्हे. सांध्यात गंज सुटवणारे पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी थोडे थोडे हलवा. जबडे एकदम उघडायचा हट्ट केला की रिव्हेट सैल होते आणि नसलेला दोष तयार होतो. सुटल्यावर जबडे मिटून उजेडासमोर धरा. कापणारी पाती पूर्ण लांबीभर भिडली पाहिजेत. एकाच बाजूने सलग फट दिसत असेल आणि पात्यांवर मार नसेल, तर घडण चुकलेली असू शकते. पात्यावर अर्धचंद्रासारखी खाच असेल तर कोणीतरी त्याने कडक स्प्रिंगची तार कापली आहे, तो गैरवापर.

पेचकस. टोक पिळले गेले असेल तर जोर जास्त झाला. मुठीच्या मागे ठोकल्याच्या खुणा असतील तर तो छन्नी म्हणून वापरला गेला आहे. या दोन्हींवर वेळ घालवू नका. जुन्या पारदर्शक प्लास्टिकच्या मुठींवर मात्र पांढरट साय धरते आणि पेटी उघडताच आंबूस किंवा कुजकट वास येतो. ती बुरशी वाटते, पण बऱ्याचदा ते सेल्युलोज ॲसिटेट जातीचे प्लास्टिक विघटित होत असते. त्यातून निघणारी आम्ल वाफ त्याच कप्प्यातल्या लोखंडाला गंजवते. इतर सगळे कप्पे बरे आणि एकच कप्पा गंजलेला असेल तर आधी या मुठी तपासा आणि त्यांना वेगळ्या जागी हलवा.

विजेच्या कामाची हत्यारे. १,००० व्होल्टचे चिन्ह असलेल्या, आयईसी ६०९०० मानकाच्या हत्यारांच्या आवरणाला भेग असेल, ते ढिले किंवा फुगलेले असेल, तर वॉरंटी मिळो न मिळो, त्याच क्षणी वापर थांबवा. घरी चाचणी घेऊ नका, चिकटपट्टी गुंडाळू नका, आवरण पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका.

*तपासणी:* आता हत्यारांचे तीन ढीग करा. दोष स्पष्ट आहे ती, नुसती गंजलेली पण चालणारी, आणि शंका असलेली. दावा पहिल्या ढिगाचा. दुसऱ्या ढिगाला तेलपाणी केले की ती पुन्हा कामाला लागतात, त्यांना या कागदपत्रांच्या वाटेला नेऊ नका. तिसऱ्या ढिगासाठी पुढचे दोन टप्पे.

५. सफाई, हवी तेवढीच

आतापर्यंत फोटो झाले, ठसा वाचला, दोष पाहिला. आता गंज काढायला हरकत नाही, पण दाव्याच्या हत्यारावर हेतू एवढाच की दोष दिसावा आणि हत्यार हलावे. चमक आणायची नाही.

पितळी ब्रश आणि पातळ तेल, एवढ्यावर बहुतेक काम होते. ठशाच्या जागेवर आणि तुटलेल्या चेहऱ्यावर ब्रश न्यायचा नाही. गंज जाड असेल तर शंकेच्या ढिगातली हत्यारे साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा ५ ते १० टक्के सायट्रिक आम्लाच्या पाण्यात काही तास ठेवता येतात. दर तासाला काढून पाहा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा, लगेच पुसून गरम हवेत सुकवा आणि तेलाचा हात फिरवा. आम्लातून काढलेले लोखंड ओले राहिले तर काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक येते.

स्प्रिंगा, रॅचेटची खिट्टी, कडक पाती आणि अगदी कठीण पोलादाचे बारीक भाग आम्लात रात्रभर ठेवू नयेत. आम्ल लोखंडाशी भिडले की हायड्रोजन सुटतो, तो कठीण पोलादात शिरला तर धातू ठिसूळ होतो. वर काही दिसत नाही, जोर आला की तुटते.

*हे करू नका:*

ग्राइंडर लावू नका. कडा घासल्या की कंपनीच्या दृष्टीने तो हत्यारात केलेला बदल ठरतो.

जाम झालेला भाग ज्योतीवर तापवू नका. पोलादावर निळसर छटा आली म्हणजे धातू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला. त्याहून जास्त तापला तर दिलेले पाणी उतरते. ही छटा तंत्रज्ञ लांबून ओळखतो.

बाथरूम साफ करायचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, ते क्रोमही खाते. आणि कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

विजेच्या प्रवाहाने गंज काढायची पद्धत पुष्कळांना आवडते. दाव्याच्या, मुलामा असलेल्या हत्याराला ती वापरू नका, मुलामा उचलला जातो. इतर हत्यारांसाठी वापरायचीच असेल तर मिठाऐवजी धुण्याचा सोडा, स्टेनलेस पट्टीऐवजी साधी लोखंडी पट्टी, आणि मोकळी हवा. मिठातून क्लोरीन आणि स्टेनलेसमधून घातक क्रोमियमची संयुगे बाहेर पडू शकतात.

६. चाचणी

शंकेच्या ढिगातले प्रत्येक हत्यार त्याच्या ठरलेल्या कामावर, नुसत्या हाताच्या जोराने वापरून पाहा. डोळ्यांना चष्मा लावा. पाना योग्य मापाच्या, न झिजलेल्या बोल्टवर बसवा. झिजलेल्या बोल्टवर कोणताही पाना घसरतो आणि दोष पान्याला लागतो. रॅचेट दोन्ही दिशांना फिरवा. बिघाड दिसला तर मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचे चित्रीकरण करा, आवाजासकट. एका हाताने हुकणारी टक दाखवणारा व्हिडिओ पानभर मजकुरापेक्षा लवकर समजतो.

बिघाड दिसला नाही तर हत्यार तेल लावून पेटीत ठेवा. दावा नाही.

७. कागद

बिल असेल तर लगेच त्याचा फोटो घ्या. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने आणि उजेडाने उडते. पाच वर्षांनी हाती कोरा कागद येतो. बिल नसेल तर बँकेच्या खात्यातली नोंद, ऑनलाइन ऑर्डरचा मेल, वॉरंटी नोंदणीचे कार्ड, खोक्यावरचा बारकोड, यातले जे मिळेल ते. काहीच नसेल तर तसे सांगा. काही कंपन्या हातहत्यारासाठी बिल मागतच नाहीत, ठशावरच निर्णय घेतात.

८. अर्ज

तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, पत्राची सुरुवात ‘खूप जुने, गंजलेले हत्यार’ अशी करणे. वाचणाऱ्याच्या मनात गंज पहिला बसतो आणि दोषाकडे नजर जातच नाही. दुसरी, उलट टोकाची: गंजाचा उल्लेखच टाळणे. फोटोत तो दिसतोच आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. तिसरी, दहा हत्यारे एकाच पत्रात कोंबणे. एका हत्याराला एक परिच्छेद, एक नंबर, एक मागणी.

नमुना असा:

> विषय: १९ मिमी रिंग पाना, डोक्याशी तडा, वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत.
>
> भाग क्रमांक ठशाप्रमाणे (अमुक). माप १९ मिमी. खरेदी साधारण (अमुक) साली, बिल सोबत आहे / उपलब्ध नाही.
>
> बोल्ट सोडवताना हाताच्या जोराने पाना डोक्याच्या कडेला तडकला. पाईप किंवा हातोडी वापरलेली नाही, दांडा वाकलेला नाही. तुटलेल्या चेहऱ्याच्या एका कडेला काळसर पट्टी दिसते, त्यामुळे चीर आधीपासून असावी असे वाटते. चेहरा स्वच्छ केलेला नाही.
>
> साठवणीत दांड्यावर वरवरचा गंज आला आहे, तडा त्या भागापासून दूर आहे. सोबत सहा फोटो.
>
> याच मापाचा पाना बदलून मिळावा. हत्यार पाठवायचे असल्यास पत्ता, दाव्याचा क्रमांक आणि वाहतुकीचा खर्च कोणाकडे ते कळवावे.

यातले प्रत्येक वाक्य खरे असेल तरच लिहा. पाईप वापरला असेल तर ‘वापरलेला नाही’ हे वाक्य काढून टाकून भागत नाही, वापरला असे लिहा किंवा दावा सोडा. भंगारातून पोत्याने जुनी हत्यारे आणून नवी मागणाऱ्यांमुळे अटी कडक होतात आणि त्याचा त्रास ज्याचा पाना खरोखर सदोष निघाला त्याला होतो.

९. पाठवणे

दाव्याचा क्रमांक आल्याशिवाय काहीही पाठवू नका. विनानोंद आलेले पार्सल गोदामात पडून राहते.

हत्यार कोरडे हवे. तेलाने निथळणारे हत्यार खोका भिजवते आणि चिठ्ठी वाचता येत नाही. दाव्याचा क्रमांक लिहिलेला बिल्ला दोऱ्याने हत्यारालाच बांधा, फक्त खोक्यावर लिहू नका. टोकदार भागाला जाड पुठ्ठा, तुकडे वेगळे. पार्सल बंद करण्याआधी आतला एक फोटो, माग काढता येणारी सेवा, पावती जपून.

काही कंपन्या हत्यार परत न मागवता ते निकामी करून फोटो पाठवायला सांगतात. तसे लेखी आल्यावरच कापा.

*सावधान:* पाठवलेले मूळ हत्यार सहसा परत येत नाही. वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातचे असेल तर पाठवण्याआधी रात्रभर विचार करा. नवा पाना पुन्हा घेता येतो.

१०. उत्तर आल्यावर

मंजूर झाले तर बदली काय येणार ते विचारून घ्या. तेच मॉडेल बंद झाले असेल तर ‘समतुल्य’ दिले जाते. रॅचेटच्या बाबतीत पुष्कळदा अख्खे हत्यार न देता आतल्या भागांचा संच देतात. तो बसवणे अवघड नसते, फक्त झाकण उघडताना स्प्रिंग उडते, म्हणून प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा.

जुन्या हत्यारांत मापाचा घोळ ठरलेला. १/२ इंचाचा आजचा पाना म्हणजे तोंडाचे माप १२.७ मिमी. पण व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पान्यावर लिहिलेले १/२ हे बोल्टच्या जाडीचे माप असते, त्या पान्याचे तोंड ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिमी भरते. ठशात ‘डब्ल्यू’ किंवा ‘बीएसडब्ल्यू’ दिसले तर अर्जातच तोंडाचे मोजलेले माप लिहा. नाहीतर बदली येते, आणि बसत कुठेच नाही.

नकार आला तर चिडून दुसरे पत्र लिहू नका. नकाराचे कारण आणि अटींतले नेमके कलम लेखी मागा. कारण ‘गंज’ एवढेच असेल, तर तडा आणि गंज यांच्यातले अंतर दाखवणारा मोजपट्टीसकट फोटो पुन्हा पाठवा आणि फेरतपासणी मागा. कारण ‘गैरवापर’ असेल तर कोणत्या खुणेवरून ते ठरवले ते विचारा. उत्तर पटण्यासारखे असेल तर तिथे थांबा. ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारे हक्क कंपनीच्या वॉरंटीहून वेगळे असतात, पण त्यांची मुदत बहुधा खरेदीपासून मोजली जाते, त्यामुळे खूप जुन्या हत्याराला त्यांचा उपयोग कमीच.

नवे हत्यार हातात आल्या दिवशी ठशाचा आणि कागदाचा फोटो एकत्र काढून ठेवा. बदलून आलेल्या हत्याराची वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनी मुदत पुढे चालते तेही त्याच कागदावर पाहा. मग ज्या पेटीत पहिले गंजले त्या पेटीच्या आसपास काय ठेवलेले आहे ते बघा. फरशी धुण्याचे आम्ल, ब्लीचिंग पावडर यांचे बंद झाकणही वाफ पूर्ण अडवत नाही. ती बाटली त्याच कपाटात राहिली तर नवा पानाही वर्षभरात तसाच दिसू लागेल, म्हणून आधी बाटली बाहेर, मग पाना आत.